मीटरमामाचा फळा

आमच्या मामाला सगळी गल्ली मीटरमामा म्हणते. सख्खा मामा तो माझा एकटीचा, पण मीटरमामा सगळ्यांचा. दूधवाला म्हणतो, इस्त्रीवाला म्हणतो, त्याच्याहून वयाने मोठी असलेली पिकल्या केसांची माणसंसुद्धा म्हणतात. मामी एरवी "अहो" म्हणते, पण चिडली की तीही: "अहो मीटरमामा, जेवायला येताय की ताट तिकडे आणून प्लगात खुपसू?"

हा मीटर म्हणजे तळहाताएवढा पांढरा ठोकळा. तो भिंतीतल्या प्लगात बसवायचा आणि जे यंत्र तपासायचं त्याची वायर त्याच्यात खोचायची. यंत्र किती वॉट वीज खातंय ते काचेवर दिसतं. मामाने तो घरातल्या प्रत्येक वस्तूला लावून पाहिलाय. फ्रीजला, मिक्सरला, माझ्या मोबाइलच्या चार्जरला. कोणी कशाबद्दल काहीही म्हणो, मामा मान तिरकी करणार, शेवटचा शब्द तोडून तोडून बोलणार: "हातच्या काकणाला आरसा कशाला? मी-ट-र लावा." मामी एकदा वैतागून म्हणाली, "माझ्याही डोक्याला लावा एकदा. किती वॉटवर तापलंय ते कळू द्या." मामाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "तुला प्लग नाही."

मामाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मधे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. त्यामुळे दुकानातलं बोलणं फोडणीत पडतं आणि फोडणीचा ठसका गिऱ्हाइकांना लागतो. आई कामावरून येईपर्यंत मी रोज तिथेच असते. माझं काम एकच: ऐकायचं आणि काढून दाखवायचं. कोण कसं बोलतं, कोण कसं शिंकतं, कुठलं दार कसं करकरतं. म्हणून मामा मला "टेप" म्हणतो. "ए टेप, बंद हो, गिऱ्हाईक आलंय."

मामा कॉम्प्युटर जुळवून देतो. तयार डबा विकत नाही. तुमचं काम काय ते विचारतो आणि त्याप्रमाणे एकेक भाग निवडतो. सगळ्यात अवघड निवड प्रोसेसरची, कारण तेच कॉम्प्युटरचं डोकं. जास्त पळणारं डोकं महाग असतं आणि बहुधा खादाडही असतं. बाजारातल्या बाकी दुकानांत "कुठला घेऊ?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "हा घ्या, नवीन आलाय, मी स्वतः वापरतो." मामा तसं कधीच म्हणायचा नाही. तो गिऱ्हाइकाला दाराबाहेर घेऊन जायचा आणि फळा दाखवायचा.

तो फळा हेच मामाचं खरं दुकान होतं. शाळेत असतो तसा काळा, खडूने लिहायचा फळा. त्यावर प्रत्येक प्रोसेसरचं नाव आणि पुढे तीन खाने: किंमत, कामाला लागलेला वेळ, खाल्लेली वीज. आणि नियम असा की मामाच्या टेबलावर पूर्ण दिवस राबल्याशिवाय कुणालाही फळ्यावर जागा नाही. कंपनीने कागदावर काय छापलंय ते मामा वाचायचासुद्धा नाही. "नवरी कशी आहे ते तिच्या आईला काय विचारायचं?" आसपासच्या चार बाजारांतले दुकानदार आपली माणसं पाठवून फळ्याचा फोटो काढून न्यायचे. मामाला ते कळायचं. तो मुद्दाम अक्षर मोठं काढायचा.

टेबलावर तीन उघडी मशीनं शेजारी शेजारी. पेटी तीच, पंखा तोच, वायर त्याच लांबीची, प्लगही तोच. फक्त डोकं वेगळं. तिघांना एकच काम दिलं जायचं: एका घराच्या नकाशावरून ऊनसावलीसकट खऱ्यासारखं चित्र तयार करायचं. तो नकाशा नकाशेताईंनी दिलेला. त्या घरांचे आराखडे काढतात, पलीकडच्या रस्त्यावर शिंप्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे.

तिन्ही मशीनांची, म्हणजे त्यांतल्या प्रोसेसरांची, नावं मी ठेवली आणि गल्लीत तीच चालली. पहिला पहिलवान. सगळ्यात महाग, सगळ्यात झपाट्याचा, आणि त्याचं एकच मागणं: "आणा! अजून आणा! एवढ्याने काय होतंय?" तिसरा कारकून. स्वस्त, कमी खाणारा, पण "बघतो, करतो, जरा बसा." मामा समजावून सांगायचा की कमी वॉट बघून भुलू नका. कारकून घास लहान घेतो, पण पानावरून उठतच नाही, शेवटी एकूण जेवण बरंच होतं. आणि मधला मास्तर. किंमत मधली, पण पहिलवान वीस मिनिटांत करायचा ते काम मास्तर तेवीस मिनिटांत करायचा, आणि वीज खायचा पहिलवानाच्या निम्म्याला जरा वर. आवाज नाही, घाम नाही. "झालं. पुढचं?"

मास्तर फळ्यावर चढला त्या दिवशी मामाने त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. आजवर कुणाला दोन रेघा मिळाल्या नव्हत्या. गल्लीत, बाजारात, पलीकडच्या रस्त्यावर, जो तो मास्तर मागायला लागला. मामा स्वतःच्या मुलाचा निकाल लागल्यासारखा फिरत होता.

मास्तर आणला होता साखऱ्याने.

साखऱ्या मामाचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावरचे. आता तो सुट्या भागांचा ठोक व्यापारी, आसपासच्या सगळ्या दुकानांना माल त्याच्याकडून जातो. बोलताना त्याच्या तोंडात कायम काहीतरी विरघळतंय असं वाटतं. हे काढून दाखवायला फार सोपं नाही हं. जीभ टाळूला लावायची, ओठ जरा पुढे, आणि "राजा"तला "रा" लांबवायचा. "अरे राऽजा, तुझ्यासाठी काय पण! डब्यात जायच्या आधी तुझ्या हातात." मग तोंड मिटून हसायचं: ह्ह, ह्ह. मी हे केलं की मामा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. साखऱ्यासमोरही करायला लावायचा, आणि साखऱ्याही हसायचा, "मीटऱ्या, ही पोरगी उद्या माझ्या नावाने माल उचलेल रे!"

नवा कुठलाही प्रोसेसर आला की साखऱ्या स्वतः गाडी काढून यायचा. नोकराबरोबर पाठवायचा नाही. खिशातून प्लास्टिकची छोटी डबी काढायचा, आत प्रोसेसर, बाहेर ना वेष्टन ना सील. मामा डबी दोन्ही हातांनी घ्यायचा. मग मामी चहा आणायची आणि दोघं बाकावरच्या गोष्टी काढायचे, गणिताच्या सरांच्या, फुटलेल्या काचेच्या. दुकान उघडलं त्या दिवशी पांढरा मीटर भेट दिला तोही साखऱ्यानेच. "तू कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीस ना? मग हे घे."

मामीला तो आवडायचा नाही. "गोगलगाय आणि पोटात पाय," ती पडद्यामागून पुटपुटायची.

"तुला सगळ्यांच्याच पोटात पाय दिसतात," मामा म्हणायचा. "इतकी वर्षं झाली. त्याने एकदा तरी मला म्हटलं का, बाबा रे, माझ्या मालाबद्दल चांगलं लिही? एकदा?"

साखऱ्याने खरंच कधी तसं म्हटलं नव्हतं.

नकाशेताईंनी फळा बघून ऑफिसातली सगळी मशीनं मास्तरवर नेली. महिन्याभरात त्यांचा फोन आला. ताई फार भराभर बोलतात, वाक्याचे तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकड्याला खिळा ठोकतात: "मामा, पंखे ओरडतायत. दिवसभर. कळलं? फोनवर बोलता येत नाही. आणि चित्र उशिरा होतंय. तुमच्या फळ्यावर आहे त्याहून उशिरा. कळलं?"

मामा म्हणाला, खोली तापत असेल, मशीनं खिडकीकडे न्या. त्यांनी टेबलं हलवली. पुन्हा फोन. मामा म्हणाला, धूळ असेल. त्यांनी सगळी मशीनं पुसून घेतली. तिसऱ्यांदा मामा स्वतः गेला, मीही मागे लागून गेले. जिना चढतानाच आवाज येत होता, एखाद्या लहान मुलाला कुणीतरी घट्ट धरून आंघोळ घालतंय तसा. आत सगळी माणसं एकमेकांशी ओरडून बोलत होती आणि कुणी भांडत नव्हतं.

"ताई, हे नवीन चित्र जड असेल," मामा म्हणाला.

"तेच चित्र आहे. तुम्हाला दिलेलं. मुद्दाम तेच लावलं."

"मग वेळ बघताना काहीतरी..."

"मामा, मला घड्याळ बघता येतं. कळलं?"

मामाने मान तिरकी केली. "ताई, राग मानू नका. पण मी पूर्ण दिवस राबवलाय त्याला. माणूस चुकतो. मी-ट-र खोटं बोलत नाही."

मी म्हटलं मामा, इथेच मीटर लावून बघू ना. पण फळा सुरू झाल्यापासून मीटर टेबलाजवळच्या त्या एका प्लगातून हलवायचा नाही हा मामाचा दुसरा नियम. प्लग बदलला की तुलना बिघडते म्हणे. ताईंनी हात टेकले. "बरं. चूक माझ्या खोलीची असेल. नवीन ऑफिस घेतेय, तिथे खिडक्या मोठ्या आहेत. तिथलीही मशीनं तुमच्याकडूनच. फळ्यावर दोन रेघा आहेत म्हणून घेतेय हं मामा. कळलं?"

मामा उतरताना खूश होता. त्यांच्या नव्या ऑफिसला पुरेल इतका माल साखऱ्याने आधीच पाठवला होता. सीलबंद मास्तरांचे डबे फळीवर रचून ठेवलेले होते.

त्या संध्याकाळी जेवताना मी मामीला नकाशेताईंचं ऑफिस काढून दाखवत होते. आधी ताई, मग त्यांचा शिपाई, मग पंखे. आधी मामाच्या टेबलावरचा मास्तर काढला: म्म्म्म्, पोट भरलेल्या मांजरासारखा. मग ताईंकडचे मास्तर: हूँऽऽईईई, वर चढत जाणारा आणि खाली न येणारा. मामी हसता हसता ठसकली.

मामाचा घास हातातच राहिला. "पुन्हा काढ."

मी दोन्ही पुन्हा काढले.

"असं होणार नाही. पंखा तोच आहे. मीच बसवलेत सगळे, एका खोक्यातले. तू उगाच चढवून काढतेयस."

"टेप चढवून काढत नाही," मामी म्हणाली. "तुमचं घोरणं काढते ते ऐकलंय मी. शेजारी झोपून खात्री केलीय."

मामा कुणाकडेच बघत नव्हता. पंखा तोच, पेटी तीच, काम तेच, मग आवाज वेगळा यायला एकच गोष्ट वेगळी असू शकते. हात धुवायला म्हणून तो उठला आणि धुतलाच नाही. उष्ट्या हाताने दुकानात जाऊन फळीवरचा एक डबा उतरवला. मग भान आलं, परत आला, हात धुतले, कोरडे केले, आणि सील कापलं.

टेबलावरच्या मास्तरच्या पेटीतून त्याने जुना प्रोसेसर काढून बशीत ठेवला. डब्यातला त्याच जागी बसवला. वर तोच राखाडी लेप, तोच पंखा, तेच चार स्क्रू. ताईंचं चित्र लावलं. थोडा वेळ म्म्म्म् आलं. मग आवाज वर सरकला, अजून सरकला, आणि ताईंचा जिना आमच्या दुकानात आला. हूँऽऽईईई.

मी "बघ!" म्हणून ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. मामाचा चेहरा बघून मिटलं.

मीटरवरचा आकडा चढत होता. मामाने दुसरा डबा फोडला. तिसरा फोडला. कमी-जास्त, पण तिघंही त्याच जातीचे: वेळ जास्त, वीज बरीच जास्त, पहिलवानाच्या पंगतीला बसतील इतके खादाड. बशीतला मास्तर परत बसवला की पुन्हा मांजर.

मग मामाने जे केलं ते मला अजून आठवतं. त्याने साखऱ्यावर संशय घेतला नाही. मीटरवर घेतला. "जुना झालाय तो," म्हणाला. पाण्याची विजेची किटली आणली, मीटरला लावली. घरातले सगळे दिवे, फ्रीज, पंखे बंद करायला लावले आणि जिन्याखालच्या वीजकंपनीच्या मीटरसमोर मला उभं केलं. तो दुकानातून ओरडायचा, "आता!" आणि मी आकडा ओरडायची. मामी अंधारात म्हणत होती, "पाणी उकळलं असेल तर चहा तरी करा त्याचा." मामाने दोन्ही मीटरांचे आकडे तीनदा ताडून पाहिले.

मीटर अगदी बरोबर होता. साखऱ्याने दिलेला मीटर.

दुसऱ्या दिवशी मामाने त्याला बोलावलं. फोनवर फक्त "ये" म्हणाला. साखऱ्या दुपारी आला, दारातूनच "अरे राऽजा," म्हणत, आणि टेबलावरचे फोडलेले डबे पाहून "राजा"तला "जा" जरा आखूड झाला. हे फक्त मला ऐकू आलं असेल.

"हे डबे माझ्या डबीतल्यासारखे नाहीत," मामा म्हणाला. आवाज साधाच होता.

"नसणारच. शंभर पोरं एका वर्गात, सगळी सारखी असतात का? कारखान्यातून निघतानाच थोडं उन्नीस-बीस असतं. एखादा थंड निघतो, एखादा गरम. तुला माहीत नाही होय हे?"

"माहीत आहे. म्हणून विचारतो. तू मला आणून देतोस तो प्रत्येक वेळी थंडच कसा निघतो?"

साखऱ्या हसला. ह्ह. एकदाच. "आता मित्राला द्यायचा तर बरा बघूनच देणार ना. गोदामात पोरं बसतात, लावून बघतात, चांगल्यातला चांगला वेचतात. चांगली वस्तू दिली हा गुन्हा झाला का रे? खोटी दिली का? नकली दिली का?"

"मी तो फळ्यावर लिहितो, साखऱ्या. लोक फळा बघून डबा नेतात."

"मी तुला कधी म्हटलं का, लिही म्हणून?"

मामाने मान हलवली. "नाही. तेच मी सगळ्यांना सांगायचो."

मग मामाने पहिलवानाकडे बोट दाखवलं. "आणि हा? हाही तूच आणलास. हापण वेचून?"

"तो... तो माझ्या खास कंपनीचा नाही ना. त्याच्यात मला काय सुटतं? तो दिला साधाच."

"साधाच? की वाईटातला वाईट शोधून?"

साखऱ्याने चष्मा काढला, पुसला, लावला.

"म्हणजे हे पहिल्यापासून," मामा म्हणाला. "मास्तर आत्ताचा. त्याच्या आधीचे सगळेच..."

"अरे, तू इतकं काय मनाला लावून घेतोस! सगळा बाजार असाच चालतो. तुझा फळा चालला, माझा माल चालला, गिऱ्हाइकाचं कामही झालं. पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे, कोण मरतंय?" मग त्याचाही तोल गेला असावा, कारण विरघळणारं ते काहीतरी एकदम तोंडातून गेलं आणि सुका आवाज आला. "एवढ्या लांबून स्वतः गाडी मारत येत होतो, ते काय नुसता चहा प्यायला?"

मामी कप घेऊन पडद्यापर्यंत आली होती. सवयीने आणला होता. ती तशीच मागे फिरली, आणि मोरीत चहा ओतल्याचा आवाज सगळ्यांना आला.

मामा बशीतला थंड मास्तर उचलून त्याच्या त्या छोट्या डबीत ठेवत होता. पिना वाकू नयेत म्हणून बोटं अजूनही कडेलाच धरून होती. डबी त्याने साखऱ्याच्या हातात दिली. दोन्ही हातांनी.

"मीटऱ्या, फळ्यावर काही वेडंवाकडं लिहू नकोस हं," साखऱ्या दारातून म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने फळ्याबद्दल मागितलेली ही पहिली गोष्ट.

"केसाने गळा कापला हो," तो गेल्यावर मामी म्हणाली. मामा म्हणाला, "गळा मीच पुढे केला होता. वायरची लांबी मोजली, प्लग मोजला. आणणारा कोण ते मोजायचं राहिलं." मग जरा थांबून म्हणाला, "तो मोजायचा नसतो ना पण. नाही का?"

फळा पुसायला त्याला वेळ लागला. मास्तरचीच ओळ पुसायची असती तर सोपं होतं, पण त्याच हातून आलेल्या इतक्या ओळी होत्या की कुठली ठेवायची तेच ठरेना. शेवटी त्याने ओल्या फडक्याने सगळा पुसला. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं: "मास्तरचे आकडे खोटे ठरले. मी तपासलेला तुकडा वेचून दिलेला होता, हे मला माहीत नव्हतं. दुकानातल्या डब्यांतले तीन तपासले, ते असे." खाली तीन ओळी. साखऱ्याचं नाव नाही. मी म्हटलं, "मामा, कोणी दिला ते लिही की!" तर म्हणाला, "मला कोणी दिला हे गिऱ्हाइकाला काय? त्यांना मी दिला."

संध्याकाळपर्यंत दारात गर्दी. मास्तर नेलेले दोघंतिघं तावातावाने आले. एकजण म्हणाला, "मामा, तुम्हाला किती मिळायचे त्यात?" मामाने आयुष्यात त्या एका मीटरखेरीज कुणाकडून कपभर चहाही घेतला नव्हता. पण काय सांगणार? मी काहीच घेत नव्हतो, मला फुकटच वापरलं? ते तर लाच घेण्यापेक्षा लाजिरवाणं.

मग इस्त्रीवाला पुढे झाला. त्याच्या मुलीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. तो भला माणूस, त्याने साधंच विचारलं, "मामा, ते सगळं जाऊ द्या. मग आता कुठला घेऊ?"

"माहीत नाही," मामा म्हणाला.

हे दोन शब्द मामाच्या आवाजात मी तोवर कधी ऐकले नव्हते. मला ते अजूनही काढता येत नाहीत.

नकाशेताईंकडे तो स्वतः गेला. मी मागे. जिन्यात तोच आवाज. मामा दारातच उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं बोलून गेला: "ताई, तुमचं घड्याळ बरोबर होतं. खोली बरोबर होती. धूळ नव्हती. माझे आकडे चुकीचे होते. नव्या ऑफिसच्या मालातले तीन डबे मी फोडलेत, तो सगळा मालच मी परत पाठवतोय. इथली मशीनंही बदलून देईन, वेळ द्या थोडा."

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मी तीनदा सांगितलं तुम्हाला, मामा. तिन्ही वेळा तुम्ही मलाच दुरुस्त केलंत. टेबलं हलवायला लावलीत. घड्याळ बघायला शिकवलंत. कळलं?"

"कळलं," मामा म्हणाला.

त्या "कळलं?"ला आजवर कोणी उत्तर दिलं नसणार. ताई क्षणभर अडखळल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला फसवलं कुणीतरी, ते दिसतंय. पण नव्या ऑफिसचं मी दुसरीकडे विचारते. मला आता फळा बघून घेता येणार नाही."

घरी येताना मी ताईंचं काढायला लागले आणि मधेच सोडलं.

फळ्याचं काम त्याने सोडलं नाही. आता नियम नवा आहे: तपासायचा तुकडा कुठल्याही दुकानातून, कुठल्याही गिऱ्हाइकाने, स्वतःच्या हाताने फळीवरून उचलून आणायचा. पहिला इस्त्रीवाल्याने आणला, डोळे मिटून उचलला म्हणाला. मामाने नवा मीटरही आणायचं ठरवलं होतं. मामी रोज म्हणायची, "फेका तो पांढरा ठोकळा, बघवत नाही मला." मामा म्हणायचा, "बरोबर दाखवतो गं. बरोबर दाखवणाऱ्याला कसा फेकू?" तो मीटर अजून त्याच प्लगात आहे.

परवा तो टेबलाशी बसून कारकुनाच्या पंख्यातली धूळ ब्रशने काढत होता. अचानक म्हणाला, "टेप, त्याचा आवाज काढ."

कुणाचा ते मी विचारलं नाही. मामी पडद्यामागून म्हणाली, "कशाला आता ते?"

"काढ तू."

जीभ टाळूला, ओठ पुढे. "अरे राऽजा, तुझ्यासाठी काय पण! डब्यात जायच्या आधी तुझ्या हातात." ह्ह, ह्ह.

मामाने डोळे मिटले होते आणि मान तिरकी केली होती. पंख्याचं बेअरिंग कुठे खराब झालंय हे ऐकताना करतो तशी. "पुन्हा." मी पुन्हा काढला. "एकदा अजून."

तिसऱ्यांदा झाल्यावर त्याने डोळे उघडले. "हुबेहूब," म्हणाला. "यात खोटं नक्की कुठे आहे, ते मला अजून ऐकू येत नाही."

"मी फार गोड काढते का? मुद्दाम बिघडवून काढू?"

"नको. होता तसाच काढलास."

आणि त्याने कारकुनाची वायर पांढऱ्या मीटरमध्ये खोचली.